पेव

सेलूच्या कॉलेजात, वरच्या मजल्यावर,
पंखा फिरतो पण वारा देत नाही अशा खोलीत
मी द्वितीय वर्षाला इंग्रजी शिकवतो,
तासिका तत्त्वावर.
बाहेर ज्वारीची काढणी चाललेली,
पंचवीस जणांच्या हजेरीत नऊ डोकी.

आज वसाहतकाळ.
चारशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या थंड किनाऱ्यावर
उतरलेली माणसं,
त्यांची प्रवचनं, रोजनिश्या, मेलेल्या लेकरांवरच्या कविता.
फळ्यावर लिहिलं : साधी भाषा.
म्हणजे वाक्याला झालर नको,
देव नक्षीतून बघायचा नाही,
काच पुसून ठेवायची, बस्स.
मग लिहिलं : कष्ट. मग : हिशेब.
रोज रात्री ती माणसं स्वतःची खतावणी लिहीत,
गर्व इतका, आळस इतका,
प्रार्थनेत डुलकी एकदा.
(माझीही वही आहे. झालेले तास, न आलेलं मानधन,
सात महिने. पापाचा रकाना नाही तिच्यात.)

शेवटी लिहिलं : निवडलेले.
देवानं जन्माआधीच निवडून ठेवलेले लोक.
वालूरचा ज्ञानोबा मागून म्हणाला,
"सर, सुपात निवडतेत तसं?"
हसले सगळे, मीही.
पण हो, तसंच.
खड्यांचं पुढं काय होतं
हे त्यांच्या प्रवचनांत फार रंगवून सांगितलंय.
साधी भाषा तेवढी तिथंच सुटते.

मग एका रोजनिशीतला उतारा घेतला.
हिवाळा तोंडावर, जहाजातलं संपत आलेलं,
वाळूत एक उंचवटा दिसतो, ताजा थापलेला.
हातांनी उकरतात.
आत टोपली, टोपलीत मका,
पिवळी, लाल, निळसर कणसं.
लिहिणारा लिहितो, ही देवाची कृपा.
झालर नाही कुठं.

सत्यशीला हत्तीअंबिरे उभी राहिली.
वर्षभरात हजेरीशिवाय तिचा आवाज ऐकला नव्हता.
"सर, हे तर पेव आहे."
थोडं थांबून,
"पेव आपोआप नसतंय होत.
कुणीतरी खांदतंय, आतून सारवतंय, कडबा लावतंय.
माझ्या आज्याचा बाप उतरायचा पेवात,
दुसऱ्याच्या.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर आत हवा नाही.
घाईच्या वर्षी कंदील सोडत नसत, सर,
सरळ माणूस सोडायचे."

लाईट गेली. पंखा
दोन फेऱ्या सवयीनं फिरला.

मी घाईघाईनं पुढचं पान काढलं,
जणू मीच उकरलं होतं,
आणि वाचून दाखवलं :
मालक भेटला तर भरपाई करू, असं तोच लिहितो.
वाईट माणूस नव्हता तो. उपाशी होता,
आणि रात्री त्याला झोप येत नसणार.
"बरं," ती म्हणाली. "नाव लिहिलंय का मालकाचं?"

मी शोधलं.
तारीख होती. वाऱ्याची दिशा होती.
थंडीनं गेलेल्या आपल्या माणसांची नावं होती, एकेक,
कुणाच्या मागं किती लेकरं, तेही.
कणसांचे रंग होते.

आम्ही अजून म्हणतो, पेव फुटलं.
क्लासेसचं, बॅनरांचं, पुढाऱ्यांचं.
शब्द वर राहिला, खड्डे कधीच बुजले,
त्यावर प्लॉट पडले.

गाईडमध्ये या धड्याला चार मुद्दे आहेत,
पाच गुणांना. ज्ञानोबानं ते उतरवून घेतले,
बरोबरच केलं, त्याला पास व्हायचंय.
सत्यशीला खाली बसली
आणि वहीत काहीतरी लिहीत राहिली,
मला दिसलं नाही काय.

संध्याकाळी तासाची नोंद केली.
वसाहतकाळ, एक तास.
शेजारी पट्टीनं नवा रकाना आखला
आणि त्याच्या डोक्यावर काय लिहावं
ते सुचेना.
विभागप्रमुख सही करताना म्हणाले,
"ही जागा कोरी कशाला?"
म्हटलं, असू द्या.